न वापरलेली डिक्शनरी: कंपायलरने आपणहून हटकावं का?

रहाटगाडगं (धागाकर्ता)
गेले दोन आठवडे हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक जुनी लायब्ररी साफ करतोय. निम्म्या सिग्नेचरमध्ये (फंक्शनचा टाइप सांगणाऱ्या ओळीत) 'ईक्यू ए, ऑर्ड ए' ही कन्स्ट्रेंटची, म्हणजे अटींची, जोडी सापडते: 'ए' टाइपची बरोबरी (ईक्यू) आणि लहान-मोठेपणा (ऑर्ड) तपासता आला पाहिजे. ऑर्डच्या पोटात ईक्यू आहेच (ईक्यू हा ऑर्डचा सुपरक्लास), तरी दोन्ही लिहिलेले. बाकीच्या ठिकाणी 'फंक्टर एम, मोनॅड एम', ही अशाच दोन क्लासची जोडी. ही 2015 पूर्वीची खूण आहे. हॅस्केलच्या जीएचसी या कंपायलरची 7.10 आवृत्ती येईपर्यंत फंक्टर हा मोनॅडचा सुपरक्लास नव्हता, म्हणून दोन्ही लिहावे लागत. आता पहिल्याचं काम उरलेलं नाही.

प्रश्न दिसण्यापुरता नाही. वॉडलर आणि ब्लॉट यांनी 1989 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक कन्स्ट्रेंट म्हणजे फंक्शनला मिळणारं एक छुपं आर्ग्युमेंट, मेथड्सची (त्या क्लासच्या फंक्शनांची) डिक्शनरी. तिची एकही मेथड कुणी वापरत नसलं तरी ती हातोहात पुढे जात राहते. साध्या मूल्यावर कन्स्ट्रेंट बसला तर आणखी वाईट: मूल्याचं फंक्शन होतं आणि एकदा मोजून ठेवायची गोष्ट दर वेळी नव्याने मोजली जाऊ शकते.

फालतू कन्स्ट्रेंटचा इशारा जीएचसीत 8.0 पासून आहे, पण डब्ल्यू-ऑलमध्ये (नेहमीचे इशारे एकदम चालू करणाऱ्या पर्यायात) नाही. मुद्दाम चालू करावा लागतो. तो सगळ्यांना आपोआप मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

साकव
माझा विरोध. सिग्नेचर म्हणजे वापरणाऱ्याशी केलेला करार, आतल्या कोडची आजची अवस्था नव्हे. आज माझं फंक्शन यादी सरळ चाळतं. उद्या आत क्रम लावणारं ट्री वापरायचं ठरवलं तर ऑर्ड लागेल, आणि तो तेव्हा मागितला तर ज्यांच्या टाइपला ऑर्ड नाही त्यांचा कोड मोडेल. म्हणून मी तो आधीच मागून ठेवतो. जीएचसीच्या मॅन्युअलनेही ही गरज मानली आहे. तिथे उपाय दिलाय तो असा: 'व्हेअर'खाली (फंक्शनच्या शेवटी मदतीच्या व्याख्या लिहितात तिथे) 'अंडरस्कोर म्हणजे एक्स बरोबर एक्स' अशी कुणी न वापरणारी ओळ लिहा, इशारा बंद होतो. शंभर फंक्शनांखाली शंभर मेलेल्या ओळी लिहायला लावणार का?

खर्चाचं म्हणाल, तर ऑप्टिमायझेशन चालू असताना डिमांड ॲनालिसिसला (काय खरंच लागतं ते शोधणाऱ्या कंपायलरच्या पायरीला) न वापरलेलं आर्ग्युमेंट दिसतं. मग फंक्शनचे वर्कर (खरं काम करणारा) आणि रॅपर (त्याला बोलावणारं पातळ आवरण) असे दोन भाग होतात, वर्करला डिक्शनरी मिळतच नाही, आणि रॅपर बोलावणाऱ्याच्या कोडमध्ये इनलाइन होतो, म्हणजे थेट उतरवला जातो. तुमच्या त्या मूल्याचा डिक्शनरीवर अवलंबून नसलेला भागही फुल लेझीनेस हे ऑप्टिमायझेशन बाहेर काढू शकतं, म्हणजे तो एकदाच मोजला जातो.

रहाटगाडगं
शकतं, पण ऑप्टिमायझेशन चालू असेल तेव्हाच. जीएचसीआयमध्ये (कोड लगेच चालवून पाहायच्या साधनात) दिवसभर काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय फंक्शन रँक-2 आर्ग्युमेंट म्हणून (कन्स्ट्रेंटसकट, टाइप न ठरवता) दुसऱ्या फंक्शनला पाठवलं, की घेणाऱ्याला आत कोण आहे ते ठाऊक नसतं. तो टाइप पाहून डिक्शनरी देतोच.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. कन्स्ट्रेंट पसरतो. तुम्ही उद्यासाठी ऑर्ड मागितलात, की तुमचं फंक्शन वापरणाऱ्या माझ्या जेनेरिक (कुठल्याही टाइपवर चालणाऱ्या) फंक्शनलाही तो मागावा लागतो. माझ्यावरून तो पुढच्याकडे जातो. आणि माझा ऑर्ड कंपायलरच्या लेखी फालतू नसतो, कारण मी तो तुम्हाला देतोय! तुम्ही एक इशारा दाबलात, की वरची सगळी साखळी निर्दोष दिसते. 'डेटा.मॅप' ही लायब्ररी पाहा: 'इन्सर्ट'ला ऑर्ड लागतो म्हणून तिथे आहे, एकाच नोंदीचा मॅप बनवणाऱ्या 'सिंगलटन'ला लागत नाही म्हणून नाही. शिस्त हीच.

उंबरठा
रस्ट या भाषेवाल्यांना हा वाद कळणारच नाही. तिथे जेनेरिक फंक्शनची प्रत्येक टाइपसाठी वेगळी प्रत निघते, न वापरलेल्या ट्रेट बाउंडचा (तिथल्या कन्स्ट्रेंटचा) धावताना खर्च शून्य. किंमत चुकते ती कंपाइलच्या वेळात आणि कोडच्या आकारात. हॅस्केलला सरसकट तसं करता येत नाही, कारण पॉलिमॉर्फिक रिकर्शनला (फंक्शनने स्वतःलाच वेगळ्या टाइपवर बोलावण्याला) परवानगी आहे. किती प्रती लागतील हे आधी ठरत नाही, डिक्शनऱ्या धावतानाच घडवाव्या लागतात.

'वापरला नाही' आणि 'गरज नाही' यांची गल्लतही नको. दोन टाइप समान असल्याचा पुरावा, 'रेफ्ल', घ्या. त्यात वाचण्यासारखं काही नसतं, म्हणून पुसून टाकावासा वाटतो. पण हॅस्केलमध्ये तो पुरावा न संपणारी गणनाही असू शकतो. तो न उघडता टाइप बदलू दिला तर टाइप सुरक्षितताच गेली. म्हणून जीएचसीने दोन थर ठेवलेत: आतला कोअर्शन (टाइप बदलण्याचा खरा पुरावा) शून्य जागेचा, बाहेरची पेटी मात्र उघडून पाहावीच लागते. इड्रिस 2 या भाषेत आर्ग्युमेंटपुढे 0 लिहिलं की ते धावताना नसणार हे टाइपमध्येच ठरतं. मला तो मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो: कंपायलरने अंदाज करू नये, लिहिणाऱ्याने सांगावं.

रहाटगाडगं
रेफ्लचा मुद्दा मान्य, तो माझ्या मागणीत नव्हताच. मग मागणी आवळतो. निदान सुपरक्लासने आधीच दिलेल्या कन्स्ट्रेंटचा इशारा आपोआप द्या. ऑर्डसोबत ईक्यू लिहून कुठली मोकळीक राखली जाते? करार तसूभरही बदलत नाही.

साकव
बदलतो, आणि तसं घडलेलं आहे. 2012 मध्ये जीएचसी 7.4 ने नमचे (संख्यांच्या क्लासचे) ईक्यू आणि शो (मूल्य मजकुरात दाखवण्याचा क्लास) हे दोन्ही सुपरक्लास काढून टाकले. त्याआधी 'ईक्यू ए, नम ए' लिहिणाऱ्यांना तुमचा इशारा मिळाला असता, ईक्यू फालतू आहे म्हणून. ज्यांनी तो ठेवला होता त्यांचा कोड 7.4 वर तसाच चालला. ज्यांनी नुसता नम लिहून आत बरोबरी तपासली होती, त्यांना सिग्नेचर दुरुस्त करत बसावं लागलं. फंक्टर-मोनॅडची जोडी तुम्ही खुशाल काढा. ईक्यू-ऑर्डची मी माझ्या कोडमध्ये ठेवणार.