शब्दचर्चा: ‘डीकार्बनायझेशन’ म्हणजे नक्की काय काढायचं?

अर्धविराम: पवईच्या आयआयटीत कार्बन पकडून वापरण्यावर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये मंजूर झालं. त्या प्रकारच्या कामावर मराठीत लिहिते आहे. ‘इंडस्ट्रियल डीकार्बनायझेशन’ला, म्हणजे कारखान्यांतून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करण्याला, ‘औद्योगिक निष्कार्बनीकरण’ लिहिलं, तर आईनं विचारलं, “म्हणजे कारखान्यातली काजळी पुसायची का?” ‘सर्क्युलर कार्बन इकॉनॉमी’चं, म्हणजे कार्बन हवेत न सोडता पुन्हा पुन्हा वापरात फिरवण्याच्या कल्पनेचं, ‘चक्रीय कार्बन अर्थव्यवस्था’ केलं, तर मलाच चक्रवाढ व्याज आठवलं. सुचवा.

भट्टीवाला: आईंचं फारसं चुकलेलं नाही. गॅरेजात इंजिन ‘डीकार्ब’ करतात, म्हणजे पिस्टनवरची काजळी खरवडतात. आमच्या हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कठीण करण्याच्या कामात, मात्र ‘डीकार्ब’ ही जवळजवळ शिवी आहे. भट्टीतलं वातावरण बिघडलं की पोलादाच्या वरच्या थरातला कार्बन निघून जातो, थर मऊ पडतो आणि जॉब रिजेक्ट! पोलादात कार्बन हवाच. नको आहे तो खनिजातला ऑक्सिजन काढण्यासाठी जाळला जाणारा कोक. स्वीडनमध्ये लुलेओला २०२१ मध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून स्पंज आयर्न, म्हणजे ऑक्सिजन काढलेलं सच्छिद्र लोखंड, काढलं. त्याला ‘निष्कार्बन पोलाद’ म्हटलंत तर आमचा इन्स्पेक्टर गेटवरूनच माल परत पाठवेल.

कळीचा चुना: सिमेंटमध्ये तर गंमत उलटीच आहे. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) उडून जातो. या क्रियेलाच इंग्रजीत ‘डीकार्बोनेशन’ म्हणतात. म्हणजे चुनखडी ‘निष्कार्बन’ झाली की हवेत कार्बन वाढतो! सिमेंटच्या कर्बवायूतला निम्म्याहून जास्त वाटा या दगडाचाच. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणार, म्हणून तिथे वायू पकडण्याला पर्याय कमी. शब्दात ‘कशातून काय काढायचं’ हे आलं पाहिजे. मी ‘कर्ब-उत्सर्जन घटवणे’ लिहीन. लांब आहे, पण खोटं नाही.

बांधावरून: ‘कर्ब’च ठेवा. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असतो, तो आम्हाला पाठ आहे. शाळेत कर्बोदके शिकलो, तीही कर्ब अधिक उदक. फक्त ‘निष्कर्ब’ नको. आम्हाला सगळे कर्ब वाढवायला सांगतात, तुम्ही काढायला निघालात.

आणि ‘सर्क्युलर’साठी बचत गटातला शब्द घ्या: फिरता निधी. एकीनं उचलला, फेडला, दुसरीला गेला. तसा ‘फिरता कर्ब’.

अर्धविराम: ‘फिरता कर्ब’! हा मी ढापणार. ‘सर्क्युलर कार्बन इकॉनॉमी’ची कल्पना २०२० मध्ये सौदी अध्यक्षतेखालच्या जी-२० ने उचलून धरली. तेलाच्या देशानं ती पुढे रेटावी यातच थोडी गोम आहे. कमी करा, पुन्हा वापरा, रूपांतर करा, काढून घ्या, अशी तिची चौकट.

कळीचा चुना: शब्द सुंदर, पण जपून. युरियाच्या कारखान्यात कर्बवायू आजही वापरला जातो. तो बहुधा तिथल्याच नैसर्गिक वायूतून निघालेला असतो, आणि युरिया शेतात पडला की पुन्हा हवेत जातो. सोड्याच्या बाटलीतला तर ढेकरेसरशी. जमिनीखालचा कर्ब वर आला, दोन दिवस थांबला आणि उडाला. हा फिरता कसला? मुक्कामी कर्ब म्हणा.

बांधावरून: म्हणजे उचललं पण फेडलं नाही. गटात अशीला थकबाकीदार म्हणतात.

कळीचा चुना: अगदी. खरा फिरता पाहायचा तर जुन्या वाड्याच्या भिंती बघा. चुना भाजताना जो वायू सुटला, तोच हवेतून परत ओढून घेत गिलावा वर्षानुवर्षं घट्ट होतो, पुन्हा चुनखडी होतो. फक्त भट्टीतल्या लाकूड-कोळशाचा धूर त्या हिशेबात येत नाही.

भट्टीवाला: धूर हिशेबात न धरता ‘फिरता’ म्हणणं, याला मराठीत आधीच शब्द आहे. चुना लावणे.

अर्धविराम: 😄 लेखात ‘फिरता कर्ब’ आणि ‘मुक्कामी कर्ब’ दोन्ही घेते. शीर्षकात ‘कर्ब-उत्सर्जन घट’. आता ‘कॅप्चर’चं सांगा: ‘कर्बग्रहण’ लिहिलं तर लोक सुतक पाळतील का?