आण्णांच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क घरीच बदलता येईल का?

मार्केटयार्डची लेक

नमस्कार. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. आण्णांचा लॅपटॉप 2013 चा, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून आण्णा देवपूजेला बसतात, आरती झाली तरी स्क्रीनवर गोल फिरतच असतो. इतके दिवस चालवून घेतलं. पण परवापासून आतून टक्... टक्... असा आवाज येतोय आणि मधेच सगळं अडकतं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं, तर पिवळ्या चौकोनात 'कॉशन', आणि रिअलोकेटेड व पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागा), दोन्हींपुढं पिवळा ठिपका.

आत टॅलीवर (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सात हंगामांचे हिशेब आहेत. कुणाचे गुळाचे किती रवे आले, कुणाला किती उचल दिली, सगळं. एका दुकानात दाखवला तर म्हणाले, चार दिवस ठेवून जा, डेटाची खात्री नाही. शेतकऱ्यांच्या उचलीचे हिशेब परक्या टेबलावर चार दिवस ठेवायला माझं मन घेत नाही.

एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवीन डिस्क, मी स्वतः बसवू शकते का? जुनी डिस्क चांगली जाडजूड दिसते, नवीन पातळ असते म्हणतात, ती बसेल का? आणि आहे तसं सगळं क्लोन करू (जशीच्या तशी नक्कल) की विंडोज नव्यानं टाकू? शिलाई मशिन मी स्वतः खोलून तेलपाणी करते, त्यामुळं स्क्रूची भीती नाही.

उद्यमनगरवाला

ताई, आधी तो लॅपटॉप बंद करा. टक् टक् म्हणजे वाचणारं हेड जागा चुकतंय आणि परत परत मागं येतंय. चालू ठेवाल तेवढं नुकसान वाढणार.

क्लोन करू नका, विंडोज नव्यानं टाका. क्लोन करताना खराब सेक्टरसुद्धा वाचायला जातं आणि तिथंच डिस्क दम सोडते. चालू कराल तेव्हा पहिलं काम एकच, टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर. फोटो, गाणी नंतर. फोल्डर कॉपी होताना अडकला तर जोर करू नका. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) पेनड्राइव्हवरनं लॅपटॉप चालू करून डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागेला शेवटी हात लावतं.

बसवायचं काम सोपं आहे. 2.5 इंची साटा एसएसडी घ्या (साटा हा जोडणीचा प्रकार). जुनी डिस्क 9.5 मिमी जाड असणार, नवीन 7 मिमी. पिन त्याच, भोकं त्याच जागी. डिस्क धरणाऱ्या कंसात घट्ट बसत असेल तर बास, हलत असेल तर अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट लावायची. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. डिस्क वर उचलू नका, आधी कनेक्टरपासून आडवी सरकवा.

स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीनं लावा. मी एकदा लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला आणि वरचं प्लॅस्टिक टचकन फुगून आलं. लेथवर रोज शतांश मिलिमीटरात काम करणारा माणूस मी, लई वाईट वाटलं होतं.

लक्ष्मीपुरी अकौंटंट

एक महत्त्वाचं राहिलं. डिस्क बदलली की टॅलीचं लायसन्स ते मशीन ओळखत नाही. म्हणून जुनी डिस्क काढायच्या आधी नेट जोडून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवा, नवीन डिस्कवर परत ॲक्टिव्हेट होईल. पण आधी डेटा कॉपी, मग सरेंडर. डेटा दोन ठिकाणी ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून एखाद्या खात्याची बाकी वहीशी ताडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे डेटा आला असं धरू नका.

आणि विंडोज 10 टाकणार असाल तर त्याचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आहेत. हिशेबाला चालेल, बँकेचं काम त्यावर नको.

मार्केटयार्डची लेक

झालं! सगळ्यांचे मनापासून आभार.

डेटा फोल्डर चाळीस मिनिटांत आला. दोनदा अडकला, मी हात न लावता बसून राहिले. भावाच्या मशीनवर उघडून कागलच्या एका शेतकऱ्याची बाकी आण्णांच्या लाल वहीशी ताडली, पैशापर्यंत जुळली. मग लायसन्स सरेंडर केलं.

खालचं झाकण एकाच स्क्रूचं निघालं. आत कनेक्टरच्या कडेला भुऱ्या धुळीचा नमदाच झाला होता. रंगाच्या ब्रशनं झाडला. डिस्क आडवी सरकवताना खट् झालं तेव्हा काळजात धस्स झालं, पण तो सुटल्याचा आवाज होता. जुन्या कंसात नवीन एसएसडी चार स्क्रूंवर घट्ट बसली, चौकट लागली नाही.

आता डेस्कटॉप पंचवीस सेकंदांत येतो. आण्णांनी आज बटण दाबलं, देवघराकडं वळले आणि परत फिरले. रॅमही 8 करायची म्हणते, पण ते सौदे आटोपल्यावर. जुनी डिस्क कापडात गुंडाळून, तारीख लिहून तिजोरीत ठेवली आहे.