अनुभव धागा: अमेरिकेतल्या राज्यांची, गावांची गाणी आणि आपण

परवा ऑफिसातून येताना क्लॉपर रोडवर अडकले होते, पुढे कुठेतरी अपघात झाला असावा, गाडी इंचभर हलत नव्हती आणि रेडिओवर 'टेक मी होम, कंट्री रोड्स' लागलं. चौदा वर्षं झाली मेरिलँडच्या या गेथर्सबर्ग-जर्मनटाउन पट्ट्यात राहतेय, रोजचा रस्ता आहे हा, पण ते गाणं याच रस्त्यावर सुचलं हे मला गेल्या वर्षी कळलं. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट ही गाणाऱ्यांची जोडी टॅफीच्या नातेवाइकांकडे चालली होती, तेव्हा इथे नुसती झाडी आणि वळणं होती म्हणे, आणि गाडी चालवता चालवता डॅनॉफ गुणगुणायला लागला. गाणं वेस्ट व्हर्जिनिया राज्याचं, आणि ते दोघांनीही पाहिलेलं नव्हतं! मग वॉशिंग्टनला गायक जॉन डेन्व्हर भेटला, तिघांनी बसून गाणं पुरं केलं, ३० डिसेंबर १९७० ला जॉर्जटाउनच्या 'सेलर डोअर' क्लबात पहिल्यांदा म्हटलं आणि १९७१ मध्ये ते बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत दोन नंबरला जाऊन पोचलं. आता क्लॉपर रोडला टाउनहाउसेस आहेत, सिग्नल आहेत, सेनेका क्रीक पार्कच्या बाजूला तेवढी झाडी उरलीये.

आणि मला त्या ट्रॅफिकमध्ये काय दिसत होतं, तर कुंभार्ली घाट. मामाच्या जीपमध्ये मागे बसून कऱ्हाडहून चिपळूणला जायचो, पावसात, ताडपत्रीला भोकं पडलेली, आणि घाट उतरला की हवेचा वासच बदलायचा. ते गाणं लिहिणाऱ्यांनी न पाहिलेलं राज्य, मी राहते ते तिसरंच राज्य, आणि डोळ्यांत पाणी आलं ते कोयनेच्या आठवणीनं.

तर तुमचं असं गाणं सांगा. राज्याचं, शहराचं, एखाद्या छोट्या गावाचं, कुठलंही चालेल. ते तुम्हाला कुठे भेटलं, तेव्हा शेजारी कोण होतं, हे लिहा. लांब झालं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

वारणाकाठ

तुम्ही माझंच गाणं घेतलंत ताई. मी वेस्ट व्हर्जिनियातच, मॉर्गनटाउनला एमएस केलं, २००८ ते २०१०. पहिल्याच सेमिस्टरला ऑक्टोबरमध्ये आजी गेली. मला आजीनंच वाढवलं, आई-बाबा दोघंही शेतात असायचे. तिकिटाचे पैसे नव्हते, दादा फोनवर म्हणाला येऊ नकोस, तू पोचेपर्यंत सगळं आटपलेलं असेल, परीक्षा दे. मी दोन दिवस खोलीतून बाहेर पडलो नव्हतो. शनिवारी रूममेटनं, तो व्हीलिंगचा, अक्षरशः हाताला धरून फुटबॉलच्या मॅचला नेलं. साठ हजारांच्या आसपास माणूस मावतं त्या स्टेडियममध्ये, सगळीकडे निळं आणि सोनेरी. १९७२ पासून तिथे घरच्या प्रत्येक मॅचआधी बँड हे गाणं वाजवतो आणि आपली टीम जिंकली की लोक घरी न जाता थांबतात आणि खेळाडूंबरोबर पुन्हा म्हणतात. त्या दिवशी जिंकलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मॅचभर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, गाणं सुरू झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दुसरा हात त्यांच्या नातीच्या खांद्यावर, आणि मी शब्द येत नसताना तोंड हलवत होतो आणि रडत होतो आणि त्यांनी काही विचारलं नाही, हात फक्त जरा घट्ट केला.

नंतर एकानं मला भूगोल समजावला, की ब्लू रिजचे डोंगर आणि शेनंडोआ नदी वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्वेकडच्या टोकाला जेमतेम शिवतात, बाकी सगळं शेजारच्या व्हर्जिनियात. असेल. तिथल्या एकाही माणसाला त्यानं फरक पडलेला मी पाहिला नाही. २०१४ मध्ये राज्याच्या अधिकृत गीतांमध्ये ते घेतलं, म्हणजे लोकांनी म्हणायला लागून चाळीस वर्षं होऊन गेल्यावर. माझा रूममेट पण आता तिथे राहत नाही, नोकरीसाठी शार्लटला गेला, कोळशाच्या खाणींवर चालणाऱ्या गावांतली पोरं अशीच बाहेर पडत गेलीत. आजीच्या तारखेला मी त्याला फोन करतो. कारण त्याला सांगावं लागत नाही.

अटलांटाची माई

मी १९९९ ला लग्न होऊन आले, डिपेंडंट व्हिसा, काम करता येत नव्हतं, गाडी येत नव्हती, ह्यांची बसची वेळ झाली की घर एकदम रिकामं. लायब्ररीत इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग असायचा, तिथे शिकवायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या, कृष्णवर्णीय, सत्तरीच्या. त्यांनी एकदा रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकाचं 'जॉर्जिया ऑन माय माइंड' लावलं आणि म्हणाल्या फक्त ऐका, शब्द नंतर.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. गाणं १९३० चं, चाल होगी कारमायकलची, तो इंडियानाचा. आणि रे चार्ल्सचा जन्मही १९३० चाच, जॉर्जियातल्या ऑल्बनीचा. १९६० मध्ये त्यानं ते गायलं आणि देशभर एक नंबरला गेलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टा शहरात त्याचा कार्यक्रम होता, गोऱ्या आणि काळ्या लोकांना वेगळं ठेवणार हे कळल्यावर त्यानं गायला नकार दिला, आणि त्याबद्दल त्याला दंड भरावा लागला. आणि मग ७ मार्च १९७९ ला त्याच राज्याच्या विधिमंडळात त्याला बोलावलं, तो तिथे ते गायला, आणि एप्रिलमध्ये ते राज्याचं गीत झालं. बाई म्हणाल्या मी त्या दिवशी वर्गात मुलांना शिकवायचं थांबवलं होतं.

मला तेव्हा अर्ध इंग्रजी कळायचं. पण ते मला कळलं. मी घरी येऊन पोळ्या लाटता लाटता ते गुणगुणत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी ह्यांना म्हणाले की आपण गाडी शिकायची का. आज बाई नाहीत. मी अजून जॉर्जियातच आहे आणि आता मी त्या वर्गाला शिकवते.

ह्यूस्टनवाला

माई, जॉर्जियावरून एक. 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया' माहीत असेलच, ग्लॅडिस नाइटचं, १९७३. ते आधी आमच्या ह्यूस्टनचं होतं, आणि ट्रेन नाही तर विमान होतं! नंतर विमानाची ट्रेन झाली आणि ह्यूस्टनचं जॉर्जिया.

आमच्याकडे बेसबॉलच्या मॅचला सातव्या इनिंगला 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' म्हणतात, १९४१ चं गाणं, मध्ये चार टाळ्या असतात. माझे सासरे सांगोल्याहून आले होते, आयुष्यभर भजनी मंडळात टाळ वाजवलेले, त्यांना बेसबॉल काही कळेना, पण दुसऱ्या ओळीपासून टाळ्या अचूक. पुढच्या रांगेतली पोरं वळून त्यांच्याकडे बघून टाळ्या द्यायला लागली. परत गेल्यावर गावात सगळ्यांना मॅचबद्दल एवढंच सांगत होते, टाळ्या बरोबर पडल्या म्हणून.

चिंचपोकळीकर

मी पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ राहतो, २०११ पासून. बिली जोएलचं 'ॲलनटाउन' इथलं. गाण्याची सुरुवात कारखान्याच्या भोंग्यानं होते. मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑफिसच्या पार्टीत, कुणीतरी गंमत म्हणून लावलं, नवीन आलाय त्याला गावाचं गाणं ऐकवा म्हणून, आणि तो भोंगा वाजला आणि मी ग्लास खाली ठेवला.

माझे बाबा मुंबईत कापड गिरणीत साचे खात्यात होते, आधी बदली कामगार, मग परमनंट. आमच्या चाळीत घड्याळ बघून कुणी उठायचं नाही, भोंग्यावर उठायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, आणि मी तेव्हा सात वर्षांचा. सुरुवातीला मला बरं वाटलं, बाबा घरी असतात म्हणून. मग आईनं खानावळीचे डबे सुरू केले, मग तिच्या बांगड्या गेल्या, मग मोठ्या बहिणीची शाळा सुटली. बाबा वर्षभरानं गावी गेले शेतीला, ते कधी पुरते परत आलेच नाहीत, म्हणजे माणूस परत आला पण तो साच्यावरचा माणूस नाही. गावी असताना आणि मुंबईत असताना ते अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' म्हणायचे, फक्त मुंबईत म्हणताना मैना म्हणजे आई आणि गावी म्हणताना मैना म्हणजे मुंबई, असं आई सांगायची.

बिली जोएलचं गाणंही १९८२ चंच. हे मला खूप उशिरा लक्षात आलं आणि लक्षात आलं त्या रात्री मी झोपलो नाही. खरं तर मोठा पोलादाचा कारखाना ॲलनटाउनात नाही, शेजारच्या बेथलेहेमला. गाणं आलं तेव्हा माणसं कमी होत होती, भट्ट्या चालू होत्या, तिथलं पोलाद बनवणं १९९५ ला थांबलं. आता त्या भट्ट्या तशाच उभ्या ठेवल्यात, रात्री त्यांच्यावर रंगीत दिवे सोडतात आणि पायथ्याशी गाण्याचे कार्यक्रम होतात. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे.

२०१६ ला बाबा आले तेव्हा त्यांना घेऊन गेलो. भट्ट्यांच्या बाजूनं वरून चालायला जुन्या रुळांच्या पुलावर वाट केलीये, बाबा एकाहत्तरचे, गुडघे दुखायचे, पण शेवटपर्यंत चालले. जागोजागी थांबून वर बघत होते. परत येताना गाडीत मी ते गाणं लावलं.

लुईव्हिलहून

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. दादा, बाबा काय म्हणाले ते सांगाल का, जमलं तर.

माझं थोडं वेगळं आहे. मी इथे केंटकीत नर्स आहे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी घोड्यांची मोठी शर्यत, डर्बी असते, घोडे ट्रॅकवर येतात तेव्हा बँड 'माय ओल्ड केंटकी होम' वाजवतो आणि टोप्या घातलेले दीड लाख लोक उभे राहून म्हणतात, बरेच जण रडतात. पहिल्या वर्षी मीही रडले. वॉर्डात टीव्हीवर लागलेलं होतं, आणि माझ्याबरोबर काम करणारी सीनियर, कृष्णवर्णीय, ती टीव्हीकडे पाठ करून औषधं लावत राहिली. मी नंतर विचारलं. ती म्हणाली गाणं नीट वाच, तो माणूस घरी चाललेला नाहीये, त्याला विकलंय.

स्टीफन फॉस्टरचं १८५३ चं गाणं, गुलामाला दक्षिणेत विकतात आणि तो घराचा, बायकामुलांचा निरोप घेतो, असं आहे ते. स्वतः गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसनंसुद्धा म्हटलं होतं की अशी गाणी गुलामांबद्दल कणव जागी करतात. पण १९२८ ला राज्याचं गीत झालं तेव्हा मूळ शब्दांत काळ्या लोकांसाठीचा तो अपमानाचा शब्द होता, आणि तो १९८६ पर्यंत अधिकृत राहिला. जपानहून आलेल्या मुलांच्या गटानं विधिमंडळात ते मूळ शब्दांसकट म्हटलं, त्यानंतर तिथल्या कृष्णवर्णीय आमदारानं ठराव आणून तो बदलून घेतला. पण डर्बीला पहिलंच कडवं म्हणतात, पुढे त्या माणसाचं काय होतं ते मैदानात कुणी म्हणतच नाही. मी आता उभी राहते, पण मला पुढची कडवी माहीत आहेत आणि मुलीलाही मी ती वाचून दाखवली. गाणं मला आवडतं. म्हणूनच पूर्ण माहीत असावं असं वाटतं.

रत्नागिरी ते रॅली

थोडक्यात लिहिते. मुलाचं ग्रॅज्युएशन इथे नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला झालं, मुलांच्या गटानं वाद्यांशिवाय 'कॅरोलायना इन माय माइंड' म्हटलं. ते गाणारा जेम्स टेलर तिथेच लहानाचा मोठा झाला, आणि हे गाणं १९६८ मध्ये लंडनला रेकॉर्डिंगसाठी गेला असताना घराच्या ओढीनं लिहिलं. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी साथीला होता तरी याला घरचीच आठवण! मुलगा मला म्हणाला, आई, हे आपलं गाणं आहे. मी हो म्हटलं. त्याचं गाव हे आहे, माझं मिऱ्याच्या समुद्रावरचं, आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख कळलं आणि वाईट नाही वाटलं, थोडा वेळ शांत बसावंसं वाटलं फक्त.

नाशिककर

मी अमेरिकेला कधी गेलो नाही, लिहू का असं वाटत होतं. पुण्यात हॉस्टेलला असताना राजमाचीच्या ट्रेकला शेकोटीभोवती 'कंट्री रोड्स' झाल्याशिवाय रात्र संपायची नाही, त्यातले निम्मे विदर्भातले, एक कोल्हापूरचा, एक गोव्याचा, वेस्ट व्हर्जिनिया नकाशावर कुणालाच दाखवता आलं नसतं. त्याच्यानंतर लगेच 'जय जय महाराष्ट्र माझा' व्हायचं, शाहीर साबळ्यांसारखा आवाज लावायचा प्रयत्न करत. ते २०२३ मध्ये आपलं राज्यगीत झालं तेव्हा त्या ग्रुपवर पंचवीस वर्षांनी सगळे बोलले.

चिंचपोकळीकर

लुईव्हिलच्या ताई, तुम्ही विचारलंत म्हणून. गाणं गाडीत दोनदा ऐकलं त्यांनी. शब्द कळले नाहीत, भोंगा कळला. मी अर्थ सांगितला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि घर जवळ आल्यावर विचारलं, "इथल्या कामगारांना घरं मिळाली का रे?"

मी म्हटलं मला माहीत नाही, बघून सांगतो. मग घरी येऊन शोधत बसलो तर उलटंच निघालं, कंपनी २००१ ला दिवाळखोरीत गेली आणि निवृत्त कामगारांचा दवाखान्याचा खर्च, जो आयुष्यभर मिळणार म्हणून सांगितलं होतं, तो बंद झाला. हे बाबांना सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि गुडघ्याला तेल लावत बसले.

गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांचा फॉर्म भरलेला आहे. बाबा २०२१ ला गेले, आता वारस म्हणून माझ्या बहिणीचं नाव आहे. अजून सोडतीत नंबर लागलेला नाही.