पहिला कॅमेरा: शिकणाऱ्याने जुना डीएसएलआरच घ्यावा

पायवाट (धागाकर्ता)

ओळखीतलं कोणी पहिला कॅमेरा घ्यायला निघालं की हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: "डीएसएलआर संपला, मिररलेस घे." (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा.) माझं मत नेमकं उलटं आहे आणि ते मांडायलाच हा धागा काढतोय.

ज्याला शिकायचंय आणि ज्याचं बजेट चाळीस हजारांच्या आत आहे, त्याने सरळ वापरलेला डीएसएलआर घ्यावा. निकॉनचा डी ३५०० किंवा डी ५६००, नाहीतर कॅननचा २०० डी. तिघांनाही २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि तो आजही कुठे कमी पडत नाही. बॉडी (नुसता कॅमेरा) आणि सोबत येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स मिळून पंचवीस हजारांच्या आसपास सौदा जमतो. उरलेल्या पैशात एफ १.८ ची (आकडा जितका छोटा तितकं छिद्र मोठं, उजेड जास्त) एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स येते, निकॉनवर ३५ एमएम किंवा कॅननवर ५० एमएम. नवा मिररलेस घेतलात तर सगळा पैसा बॉडीत जातो आणि पुढची दोन वर्षं किट लेन्सवर काढावी लागतात.

बॅटरीचं तर बोलायलाच नको. डी ३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो देतो, असं कंपनीचंच मोजमाप आहे. मिररलेसवाले खिसे भरून बॅटऱ्या घेऊन हिंडतात.

पण माझा खरा मुद्दा व्ह्यूफाइंडरचा, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचा आहे. डीएसएलआरमध्ये आरशातून समोरचं दृश्य जसं आहे तसं दिसतं, फोटो कसा येणार ते दिसत नाही. लोक याला तोटा म्हणतात. शिकणाऱ्यासाठी मला तो फायदा वाटतो. दिवे घाटात वारी चढताना फोटो काढून बघा. फ्रेमभर पांढरी धोतरं आणि पांढऱ्या टोप्या. एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं की उजेडच फार आहे, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. टोप्या राखाडी, चेहरे तर त्याहून काळे. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करायचं, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ करायचा, हे क्लिक करण्याआधी ज्याला सुचतं तो शिकला. मिररलेसवाला स्क्रीनवर बघून चाक फिरवतो. फोटो नीट येतो, पण का फिरवलं ते विचारा, सांगता येणार नाही.

---

पाणकावळा

सपशेल असहमत.

निकॉन आणि कॅनन, दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्स तेवढा अजून त्या वाटेवर आहे, पण त्याच्या लेन्सा आपल्याकडे शोधत बसाव्या लागतील. ज्या माउंटला (लेन्स बसवायच्या जोडणीला) पुढे काही नाही, त्यात नवख्याचे चाळीस हजार कशाला अडकवायचे?

वारीचं उदाहरण छान आहे. आता माझं घ्या. हिवाळ्यात भिगवणला, कुंभारगावच्या बाजूने होडीत बसून रोहित (फ्लेमिंगो) बघायला जा. थवा उठला की तुमच्या हातात काही सेकंद असतात. डी ३५०० ला फोकस पॉइंट ११, तेही बहुतेक मधोमध गोळा झालेले. पक्षी फ्रेमच्या कडेला गेला की संपलं. कॅननचा आर १० किंवा आर ५० पक्ष्याचा डोळा स्वतः हेरतो आणि तो फ्रेममध्ये कुठेही गेला तरी सोडत नाही. नवशिक्याला निदान फोटो तर मिळतो! शंभरातले पंच्याण्णव फोटो धूसर आले की माणूस शिकत नाही, वैतागून कॅमेरा कपाटात ठेवतो. अशी कपाटं मी बरीच पाहिली आहेत.

आणि "का फिरवलं ते कळत नाही" हे मला पटत नाही. चाक फिरवताच चित्र उजळताना दिसतं, तिथेच कार्यकारण समजतं. न दिसल्याने ज्ञान वाढतं, हा कुठला न्याय?

---

टवाळ_कार्टं

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 🍿

(कॅननवाला आणि निकॉनवाला एकमेकांना भिडले नाहीत, असा कॅमेऱ्याचा धागा पहिल्यांदाच बघतोय. कृपया हलकेच घ्या.)

---

निशिगंधा_ठाणे

पायवाट यांना माझा +१. डी ५६०० आणि ३५ एमएम एफ १.८, हाच संच मी वापरते.

मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन म्हणजे अंधारा हॉल आणि स्टेजवर लाल-निळे दिवे. किट लेन्स ५५ ला नेली की छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर १/३० सेकंदाहून वेगवान होत नव्हता. मुलं नाचतायत आणि हातांच्या जागी नुसते फराटे! ५.६ च्या तुलनेत १.८ ला साधारण दहापट प्रकाश आत येतो. त्याच आयएसओला १/२५० मिळाला आणि बोटंसुद्धा स्पष्ट आली. ३५ ची लेन्स असल्याने पुढच्या रांगेत जाऊन बसावं लागतं, हे खरं. पण नवी बॉडी घेऊन ५.६ वरच अडकले असते तर त्या डोळा हेरणाऱ्या फोकसचं मी काय केलं असतं?

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही, हेही सांगून ठेवते. ते आपला हात सावरतं, मुलांचे नाहीत. दुकानात हे कोणी सांगत नाही.

---

खारे_वारे

मी रत्नागिरीचा. दोन्ही बाजूंनी वाद चाललाय, पण वापरलेल्या लेन्समधल्या बुरशीबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही.

लेन्स घ्यायला जाल तेव्हा मोबाईलचा टॉर्च बरोबर असतोच. दोन्ही टोपणं काढा, छिद्र पूर्ण उघडं ठेवा, एका बाजूने तिरका उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, ती चालते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, बहुतेकदा कडेकडून. एक धागा दिसला तरी परत फिरा. "साफ करून देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. काचेवरचा थर खाल्लेला असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवून चार महिने विसरलात तर हीच गत होणार, मग तो डीएसएलआर असो की मिररलेस. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, बास. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राहिला पाहिजे. रंगीत जेल ओलं झालं की रंग बदलतं, ते गरम करून पुन्हा वापरता येतं. ड्राय कॅबिनेट सवडीने घ्या.

---

मांडव

लग्नाची कामं करतो, कोल्हापूर-सांगली पट्टा. धंद्यातलं सांगतो.

शिकायला येणारी पोरं महिन्याभरात व्हिडिओवर जातात. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ काढताना आरसा वर जातो आणि नेहमीचा फोकस बंद पडतो. निकॉनच्या छोट्या बॉड्या आणि कॅननचा १५०० डी मग आगेमागे हेलकावे खात फोकस शोधत बसतात. २०० डी मध्ये ड्युअल पिक्सेल (थेट सेन्सरवरून होणारा फोकस) आहे, तो चालतो. डी ३५०० ला बाहेरचा माइक लावायला जागाच नाही. पोरांना रील करायचे असतात, त्यांना आरशाचं काय कौतुक!

फ्लॅशचं ऐका. २०० डी मार्क टू दिसायला छान आहे, पण त्याच्या हॉट शूला (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिन नाही. साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा स्वस्त ट्रिगर (दूरच्या फ्लॅशला इशारा देणारा) लावाल तर पेटणारच नाही, कॅननसाठीच बनवलेला घ्यावा लागतो. ३००० डी तर घेऊच नका. लेन्सचा माउंट प्लास्टिकचा, स्क्रीन चिमुकला.

तरीही पायवाट यांची एक गोष्ट मान्य. माझ्याकडे येणाऱ्या पोराला मी पहिले काही दिवस जुन्या डीएसएलआरवरच बसवतो. पडला तरी पोटात गोळा येत नाही.

---

पायवाट (धागाकर्ता)

मांडव, व्हिडिओसाठी डीएसएलआर घ्या असं मी कुठे म्हटलंय? रील करायचे असतील तर सोनीचा झेडव्ही-ई १० घ्यावा आणि सुखी व्हावं. धागा फोटो शिकण्याबद्दल आहे.

पाणकावळा, तुमचा आर १० भिगवणला पक्षी पकडतो हे मान्य. पण त्यावर ४०० एमएमपर्यंत जाणारी लेन्स लागते, तिचं बिल सोयीस्करपणे गाळलंत. आर १० सोबत येणाऱ्या छोट्या किट लेन्सने रोहित पकडला तर तो फोटोत गुलाबी ठिपका म्हणून येईल. बरं, मिररलेस म्हणजे सगळं आलं असंही नाही. त्यातला स्वस्त आर १०० पक्ष्याचा डोळा ओळखतच नाही, माणसांपुरताच आहे, आणि स्क्रीनला टचही नाही. निकॉनचा झेड ३० आणि तो झेडव्ही-ई १०, दोघांना व्ह्यूफाइंडरच नाही. एप्रिलच्या उन्हात रायगडावर उभं राहून स्क्रीनवर काही दिसतंय का ते बघा. बजेटात बसणारा मिररलेस घ्यायला गेलात तर हेच हाती लागतं. तुम्ही तुलना करताय महागड्याशी.

---

पाणकावळा

लेन्सचं बिल डीएसएलआरलाही तेवढंच येतं. कॅननची जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर सिरीजवर अगदी मस्त चालते. म्हणजे जुनी लेन्स स्वस्तात घ्या आणि बॉडी पुढच्या काळाची घ्या. हा मधला रस्ता तुमच्या धाग्यात नाहीच.

आणि ५० एमएम एफ १.८ चं जे गुणगान चाललंय, त्यातली गोम ऐका. डीएसएलआरचा फोकस सेन्सर वेगळा, फोटोचा सेन्सर वेगळा. दोघांत जरा फरक पडला की फोकस डोळ्यावर धरलात तरी येतो कानावर. मोठ्या बॉड्यांत ते जुळवायची सोय असते. डी ३५००, डी ५६००, १५०० डी, यांतल्या कशातही नाही. मिररलेस थेट फोटोच्या सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे ही भानगडच उरत नाही. नवशिका बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

---

निशिगंधा_ठाणे

ही भानगड असते खरी. पण तपासायला दोन मिनिटं लागतात. टेबलावर पट्टी तिरकी ठेवायची, एका आकड्यावर फोकस धरायचा, छिद्र १.८ वर ठेवून फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून बघायचा. दुसराच आकडा स्पष्ट आला तर ती लेन्स घ्यायची नाही. वापरलेलं घेताना हा एक फायदा असतो, विकणाऱ्यासमोर बसून सगळं करता येतं.

---

कुंपणावरचा

मी काय म्हणतो, घ्यायचाच कशाला? हातातल्या मोबाईलने आधी वर्षभर फोटो काढा. रात्रीचे फोटो तो आठ-दहा फ्रेम एकत्र करून असे काढतो की किट लेन्सवाल्याला हातात धरून जमणार नाही. उजेड कुठून येतोय, चौकटीत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे शिकायला आरसा लागत नाही. फोटोग्राफी शिकायचीय की कॅमेरा, ते आधी ठरवा.

---

मांडव

कुंपणावरचा, चौकट मोबाईलवर शिकता येईल, मान्य. पण शटर आणि छिद्र? बहुतेक मोबाईलमध्ये छिद्र बदलतच नाही. मागचं धूसर करतो ते हिशोब करून. नवरीच्या मुंडावळ्यांच्या लडी त्याला केसांत मिसळलेल्या वाटतात आणि तो त्याही पुसून टाकतो. गिऱ्हाइकाला दाखवून बघा एकदा.

---

पायवाट (धागाकर्ता)

कुंपणावरचा, मुद्दा चांगला आहे, पण विकत न घेताही हातात कॅमेरा येऊ शकतो. मुंबई-पुण्यात दिवसाच्या भाड्याने मिळतो. शनिवार-रविवार एकदा डीएसएलआर आणि पुढच्या वेळी मिररलेस आणा. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. पाणकावळा आणि मी इथे भांडण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आणून काय करायचं तेही सांगतो, नाहीतर लोक ऑटोवर ठेवून गच्चीतून चंद्र काढतात. मोड ए किंवा एव्ही (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एकच लेन्स, ऑटो आयएसओ. त्यात किमान शटर ठरवायची सोय असेल तर १/१२५. फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाईल) काढा. डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, संगणकावर त्यात उघडून बघा की सावलीतलं किती परत मिळतं आणि जळालेलं आभाळ कसं काही केल्या परत येत नाही.

---

पहिलटकर_२१

सगळ्यांना धन्यवाद, सगळं वाचलं. डोकं थोडं गरगरतंय. 😅

मी कॉलेजला आहे, बजेट तीस हजार. बोरा बाजारात एक जण डी ५६०० देतोय, किट लेन्ससह एकवीस हजार. शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंची संख्या) बेचाळीस हजार सांगतो. वर जुनी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स "फुकट" म्हणतोय. दादा, घेऊ का?

---

खारे_वारे

काउंट तोंडी ऐकू नकोस. त्याच्यासमोर एक फोटो काढ, कार्ड स्वतःचं ने. निकॉनच्या फोटो फाईलमध्येच आकडा लिहिलेला असतो, मोबाईलवरही वाचता येतो. बेचाळीस हजार खरे असतील तर चिंता नाही, या वर्गातल्या शटरचं आयुष्य लाखाच्या आसपास धरतात. टॉर्चचं विसरू नकोस.

---

निशिगंधा_ठाणे

ती फुकटची लेन्स फुकट का आहे, ते सांगते. १.८ डी ला स्वतःची मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर चालते, आणि डी ५६०० मध्ये ती मोटर नाही. ऑटोफोकस होणार नाही, प्रत्येक फोटोला हाताने रिंग फिरवावी लागेल. ती नको म्हण आणि किमतीतून हजार-दीड हजार कमी करून घे. ३५ एमएम घेताना एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच मोटर) लिहिलेलं बघून घे.

---

पाणकावळा

घे बाबा, पण वॉरंटी नाही हे धरूनच घे. आणि बजेटात नऊ हजार उरतायत ते लगेच लेन्सवर उडवू नकोस. महिनाभर किट लेन्सवर वापर, मग फोटोंची माहिती उघडून बघ की बहुतेक फोटो किती एमएमवर काढलेस. सगळे ५५ वर असतील तर तुला ३५ एमएम नकोय, तुला माझ्याबरोबर भिगवणला यायचंय.

---

पायवाट (धागाकर्ता)

बघा, पोरगं अजून कॅमेरा घेऊन घरी पोहोचलं नाही तोवर यांनी पळवायला सुरुवात केली. 😀