मऊ 'हेल्मेट'ला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठ:
मंडळी, एका पाटीवर अडले आहे. माझ्या मामांनी दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या वस्तू जमवल्या आहेत. टोप्या, चष्मे, प्राणवायूचे मास्क, एक पिवळं जीवरक्षक जाकीट. पुढच्या महिन्यात रत्नागिरीत ते सगळं मांडायचं ठरलंय आणि मराठी पाट्या लिहिणं माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या पाटीवर मी 'वैमानिकाचे हेल्मेट' लिहिलं. वाडीतल्या एका पोराने त्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, हे तर मऊ आहे! डोकं फुटलं तर?"

पोराचं काय चुकलं? आपल्याकडे हेल्मेट म्हणजे दुचाकीवरचं. ही वस्तू डोकं वाचवायला नव्हतीच. वारा-थंडी लागू नये, रेडिओचे रिसीव्हर कानाशी घट्ट बसावेत आणि मास्क अडकवायला काहीतरी असावं, एवढंच तिचं काम. मामांकडे दोन आहेत. एक ब्रिटिश 'सी टाइप', १९४१ पासून वापरात आलेला, तपकिरी चामड्याचा. दुसरा 'डी टाइप', उष्ण प्रदेशासाठी केलेला, खाकी सुती कापडाचा. आत राजमुकुट आणि 'ए. एम.' असा शिक्का, म्हणजे एअर मिनिस्ट्री, ब्रिटनचं हवाई खातं.

'गॉगल'चीही तीच गत. तसं लिहिलं की लोकांना वाटतं, साहेब उन्हातून फिरायला निघालेत.

शुद्धमती:
शिरस्त्राण. शब्द तयार आहे, वापरायचा आळस सोडा. १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध असताना जिथून भाषाशुद्धीची चळवळ चालली, त्याच रत्नागिरीत तुम्ही 'हेल्मेट'ची पाटी लावणार? 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे शब्दही तेव्हा लोकांना जड वाटलेच असतील.

खाडीकाठ:
पण त्राण म्हणजे रक्षण ना? तो पोरगा शिरस्त्राणावरही टकटक करणारच.

भंगारप्रेमी:
इंग्रजांनी तरी कुठे ठोकून बघितलं होतं? तेही या कातडी टोपीला फ्लाइंग हेल्मेटच म्हणत. कडक कवच डोक्यावर आलं ते पुढे जेट विमानांबरोबर. शब्द जुनाच राहिला, वस्तू बदलली. मी म्हणतो 'टोप' लिहा. चिलखताबरोबरचा टोप. टोप, टोपी, टोपण, टोपली सगळी एकाच घरातली. गोऱ्यांना आपण 'टोपीकर' उगाच नाही म्हटलं.

माडवाला:
आमच्याकडे टोप म्हणजे भात शिजवूचो. पाटयेर 'वैमानिकाचो टोप' लिवलात तर लोक इचारतले, किती माणसांचो?

भंगारप्रेमी:
नाटकवाले केसांच्या टोपालाही टोपच म्हणतात. त्यात कोणी भात शिजवत नाही.

चाकरमानी:
आमच्या आजोबांकडे अशीच एक होती, लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्या, डिस्पोजलच्या मालातून घेतलेली. ते सरळ 'कानटोपी' म्हणायचे आणि पहाटे घालून गड्याला हाका मारायला जायचे. ते मुंबईच्या गोदीत कामाला. १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टायकीन' बोट उडाली त्या दिवशीही तिथेच. त्या बोटीत दारूगोळा, कापूस, सोनं आणि सुटी करून भरलेली स्पिटफायर विमानंही होती. आजोबा सांगताना म्हणायचे, "धक्क्यावर होतो तेव्हाच धक्का बसला." मी लहानपणी समजायचो, बंदराला धक्का म्हणतात ते या स्फोटामुळेच.

शुद्धमती:
विषयांतर. शिवाय कानटोपी म्हणजे बाळंतिणीची किंवा पेन्शनरांची. युद्धातल्या माणसाला कानटोपी?

खाडीकाठ:
शुद्धमती, आता खरं सांगते. आजीने 'सी टाइप' हातात घेतला, हनुवटीखालचा पट्टा पाहिला आणि म्हणाली, "अगोबाई, टोपडं!" दुसऱ्याला मागे मानेवर उन्हासाठी कापडाची झालर आहे, तर म्हणे, "ही कुंची." मामा दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. पण आकार बघाल तर आजीच बरोबर. टोपडं म्हटलं की मऊ, कान झाकलेले, हनुवटीखाली बांधलेलं, सगळं आलं. मला तोच शब्द आवडतो, पण पाटीवर लिहायची छाती होत नाही.

माडवाला:
लिवा हो. वीस वर्षांची पोरां होती ती. पोरांक टोपडां शोभता.

भंगारप्रेमी:
एक विचारू? समुद्राच्या काठावर चामडं ठेवलंय, पावसाळ्यात बुरा धरत नाही?

शुद्धमती:
बुरा लोणच्याला येतो. चामड्याला बुरशी.

चाकरमानी:
आमच्याकडे चपलेलाही बुराच येतो. श्रावणात येऊन बघा.

खाडीकाठ:
पांढरं पुसलं की जातं. त्रास हिरव्याचा आहे. टिचबटणं पितळेची आणि त्यांच्याभोवती कातड्यावर मेणचट हिरवा थर धरतो.

भंगारप्रेमी:
तो कळंक. पितळ आणि कातड्यातलं तेल यांचं जमत नाही. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं, तीच जात. 'कलंक' यातूनच आला असणार.

शुद्धमती:
उलट! 'कलंक' संस्कृत, त्याचा अपभ्रंश 'कळंक'. चंद्रावर काय पितळ आहे?

चाकरमानी:
वाद घाला, पण चिंच लावून घासू नका. बटण लखलखेल आणि कातडं जाईल. लाकडी काडीने कोरडंच खरवडा. मास्कच्या रबराच्या नळीला तेलही लावू नका, आधीच कडक होऊन तडकत आलेलं असतं.

खाडीकाठ:
आभार. पण पाट्या रविवारी छापायला जाणार आहेत. तर मग टोपडं की शिरस्त्राण?

शुद्धमती:
'टिचबटण' मात्र पाटीवर लिहू नका. 'बटण' परकं आणि 'टिच' कुठल्या भाषेतलं, देव जाणे.

माडवाला:
खयच्या भाषेतला नाय. लावून बघा, आयकाक येता.