मदत हवी आहे: सुपरचार्जर बसवल्यापासून उन्हात गाडी मरगळते

गाडी 2017 ची मस्टँग जीटी, 5.0 लिटर व्ही8, कॉम्प्रेशन 11:1. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा ब्लोअर) किट जळगावातच बसवलं. पहाटे गाडी अप्रतिम पळते. पण दुपारी 44-45 अंशांत भुसावळ हायवेवर दोन-तीनदा जोरात खेचली की इनटेकच्या हवेचं तापमान 80 च्या वर जातं, ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडीचा जीवच जातो.

इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) कूलंटमधली हवा काढली. पंप चालू आहे, टाकीत धार स्पष्ट दिसते. बूस्ट (ब्लोअरचा जादा हवेचा दाब) लीक नाही, प्लगचा गॅप कमी केलाय, पेट्रोल 95 ऑक्टेनच. हवा थंड करायला मेथॅनॉल फवारायचा मार्ग नको. ट्यूनर पुण्यात आहे, लॉग (गाडीच्या नोंदी) पाठवले की ईसीयूचा मॅप (सेटिंग) बदलून देतो.

आधी मोठा हीट एक्स्चेंजर (इंटरकूलरचं कूलंट थंड करणारा रेडिएटर) लावू, की ब्लोअरची पुली मोठी टाकून बूस्टच कमी करू?