खाली खाटा, वर बिऱ्हाड
'कॉर्पोरेट रुग्णालयांनी पणजी-मडगावातली छोटी इस्पितळं संपवली' असं बरेचदा म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. स्पर्धा पहिल्यापासून होतीच, तीही सरकारी: १८४२ चं पणजीचं वैद्यकीय विद्यालय, म्हणजे आजचं बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). तरी खाली खाटा, वर डॉक्टरांचं बिऱ्हाड अशी इस्पितळं बाळंतपणं, हर्निया, अपेंडिक्सवर चालली. मोडली ती बहुतेक वारसाअभावी. मुलगा डॉक्टर झाला तरी सुपरस्पेशालिटी करून पगारावर राहतो. रात्रपाळीच्या नर्सेस, भूलतज्ज्ञ, अग्निशमनाचा दाखला ही कटकट घेणार कोण? त्यात शहरातल्या त्या जागेला बिल्डर काय भाव देतो, विचारूच नका! २०१६ ची दीनदयाळ योजना, म्हणजे गोवा सरकारची आरोग्य विमा योजना, आली खरी, पण बिलं मंजूर होईपर्यंत तग धरायला दहा खाटांच्या मालकाकडे गंगाजळी लागते.